भिगवणची होडी, कडबनवाडीचा माळ

भिगवणला पाखरं बघायला जायचंय, होडीवाला कोणता धरू, राहायचं कुठं, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना झेपेल का, असं गेल्या महिन्याभरात शाळेतल्या तिघींनी विचारलं. प्रत्येकीला मधल्या सुट्टीत अर्धं-अर्धं सांगून झालं. आता एकदाच सगळं लिहून काढते.

मी फलटणला विज्ञान शिकवते. फेब्रुवारीचा पहिला शनिवार-रविवार साधून वडिलांना, म्हणजे आण्णांना, घेऊन गेले. शनिवारची सकाळची शाळा होती, तिची रजा टाकली. आण्णांचं वय 74. एस.टी.त ड्रायव्हर होते, आणि पुणे-सोलापूर रस्त्यावर त्यांची उमेदीची वर्षं गेली. भिगवणच्या स्टँडवर त्यांनी किती चहा प्यायला असेल याची गणती नाही, पण महामार्ग सोडून थोडं आत गेलं की उजनी धरणाचा एवढा पाणपसारा आहे आणि त्यावर सैबेरिया-मंगोलियाकडची पाखरं उतरतात, हे त्यांनी डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. यंदा दिवाळीनंतर त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं की नव्या डोळ्यांनी त्यांना पहिली लांबची गोष्ट भिगवणचीच दाखवायची.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर निघालो. फलटण-बारामती-भिगवण, वाटेत एक चहा, दिवेलागणीला कुंभारगावात. मुक्काम गावातल्याच एका घरी केला. पुढची दोन खोल्यांची ओसरी पाहुण्यांसाठी काढलेली आहे. गाद्या पातळ होत्या, आण्णांच्या कमरेसाठी घरच्या मावशींनी वर एक गोधडी दिली तेव्हा कुठं निभावलं. गरम पाणी मिळालं, पण बंब पेटायला वेळ लागतो, तेव्हा पहाटेची अंघोळ करायची असेल तर रात्रीच सांगून ठेवा. बाथरूम-संडास स्वच्छ आणि कडी नीट लागणारे होते. बायकांनी पहाटे साडेपाचला बाहेर पडायचं असतं तेव्हा ही गोष्ट पाखरांइतकीच महत्त्वाची असते, म्हणून आधी लिहिली. हॉटेलात उतरण्यापेक्षा गावात उतरा असंच मी सांगेन, कारण इथून पाण्याच्या काठाला चालत जाता येतं, आणि पहाट फुकट जात नाही.

आता होडीबद्दल. होडीवाल्याचा नंबर माझ्याकडे मागू नका. त्यापेक्षा चांगला होडीवाला कसा ओळखायचा ते सांगते, ते तुम्हाला कुठल्याही काठावर उपयोगी पडेल. तो इंजिन कुठं बंद करतो ते बघायचं. बास, एवढंच.

आमचा होडीवाला तिशीचा असेल, मासेमारी करणाऱ्या घरातला. साडेसहाला काठावर उभा होता. पाण्यावर धुकं इतकं दाट की दहा होड्यांपलीकडचं दिसत नव्हतं. त्यानं आधी जाकिटं पुढं केली. आण्णा म्हणाले, "अरे, मला पोहता येतं. नीरेच्या कालव्यात शिकलोय मी."

"आजोबा, पवता आमालाबी येतं," तो म्हणाला. "पर जाकीट घातल्याबिगर होडी सुटत न्हाय. पट्टा म्या लावतो, हात वर करा."

2024 च्या मे महिन्यात याच धरणात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. काठावरची माणसं ती गोष्ट विसरलेली नाहीत. तुमचा होडीवाला जाकिटाचं बोलला नाही, तर तुम्ही बोला, आणि तरी दिलं नाही तर खाली उतरा. आमच्याकडून दोन तासांचे 1,200 रुपये घेतले, होडीत आम्ही दोघंच. ठरलं तेवढेच घेतले, वर काही मागितलं नाही.

इंजिन सुरू झालं तसे आण्णा कान देऊन बसले. त्यांची ही सवयच आहे. रिक्षात बसले तरी गिअर कधी पडतो ते ऐकतात. होडीचा आवाज एकसारखा होता. उगाच रेझ करणं नाही, वळणावर आधी हळू करून मग फिरवणं. "पोरगा बरा चालवतोय," असं ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

धुक्यातून एकेक दिसायला लागलं. मच्छीमारांनी जाळ्यांसाठी रोवलेल्या काठ्यांवर पाणकावळे पंख पसरून वाळवत बसलेले. नदी सुरय डोक्यावरून गेला, त्याची पिवळी चोच धुक्यातही उठून दिसली. मग काळ्या पाखरांचा एक मोठा थवा पाण्यावर तरंगताना दिसला. मी सांगितलं, "हे वारकरी."

"वारकरी का?"

"कपाळ बघा."

त्यांनी दुर्बीण लावली. माझी दुर्बीण आठ पट मोठं दाखवणारी आहे, त्यांच्या हाताला जड होते, म्हणून कोपर गुडघ्यावर टेकवायला सांगितलं. बराच वेळ बघून म्हणाले, "गोपीचंदन लावलंय की गं सगळ्यांनी." काळ्याभोर डोक्यावर पांढरा टिळा. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण ज्यानं ठेवलं त्यानं पाखरूही पाहिलं होतं आणि पंढरीची वाटही.

सुमारे वीस मिनिटांनी होडीवाल्यानं इंजिन बंद केलं. समोर मला तर काहीच दिसत नव्हतं. त्यानं तळातला लांब बांबू उचलला आणि होडीच्या टोकाला उभा राहून रेटायला लागला. इंजिनाची घरघर कानातून जायला थोडा वेळ लागला. ती गेली आणि मग आवाज आला. आधी आण्णांनाच ऐकू आला. लांबवर बायका पाणवठ्यावर हळू बोलत असाव्यात, तशी कुजबुज. अधूनमधून बदकासारखा एखादा घोगरा हुंकार, आणि त्याच्या खाली सतत चाललेली चुळुकचुळुक.

धुकं थोडं हललं आणि गुलाबी रंग दिसला. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. चारएकशे तरी असतील.

बांबू चिखलात बुडत होता त्यावरून पाणी जेमतेम दोन फूट असेल. रोहितांची पायवाट तिथपर्यंतच असते. होडीवाल्यानं आम्हाला जिथं थांबवलं तिथून त्यांचं खाणं दुर्बिणीत अगदी स्वच्छ दिसत होतं. मान पूर्ण खाली, चोच उलटी, म्हणजे वरचा जबडा खाली येतो. जीभ आत-बाहेर पंपासारखी चालते, पाणी आत ओढते, बाहेर फेकते, आणि चोचीच्या कडेच्या जाळीत बारीक किडे, शेवाळ, कवचवाले जीव अडकून राहतात. ती चुळुकचुळुक त्याचीच होती. एक जण एका जागी उभा राहून पाय नाचवत गोल फिरत होता, चोच मध्यावर, जणू जात्याचा खुंटा धरलाय. तो चिखल ढवळून आतलं खाणं वर आणत होता. त्याच खाण्यातल्या रंगद्रव्यानं पंखांना गुलाबी रंग चढतो. मधेमधे मळकट राखाडी दिसत होती ती पोरं, त्यांना रंग यायला दोन-तीन वर्षं लागतात. हे मी वर्गात फळ्यावर दरवर्षी सांगते. त्या दिवशी ते कानांनी ऐकलं.

मागून एक दुसरी होडी आली. तिच्यातले एक गृहस्थ आमच्या होडीवाल्याला म्हणाले, "तू पुढं घे की जरा, म्हणजे आमचाही पुढं येईल." आमचा हलला नाही. त्यानं मला हळू आवाजात सांगितलं, "ताई, मानेकडं बगायचं. एकानं मान वर काडली तर काय न्हाय, पहाऱ्याला असतोय. धा-बारांनी काडली की आपण जवळ आलो. चालाय लागली की लईच जवळ आलो. उडाली म्हंजी चुकलं."

हे वाक्य मी वहीत तसंच उतरवून घेतलंय. पक्षीनिरीक्षणाच्या शिबिरांना मी दोनदा जाऊन आले, एवढं सोपं तिथंही कुणी सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मी मैत्रिणींबरोबर याच धरणावर आले होते, दुसऱ्या काठानं. तेव्हाच्या होडीवाल्यानं आम्हाला बसल्या बसल्या विचारलं होतं, "उडताना पायजेत का?" आम्ही हो म्हणालो. त्यानं इंजिन पूर्ण वेगात सोडून होडी थेट थव्यात घातली. सगळा थवा एकदम उठला, पंखांखालचा लाल-काळा रंग आकाशभर झाला, आम्ही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांनी व्हिडिओ काढले. पाखरं पलीकडे उतरली, तर तिथं दुसरी होडी गेली. वीस मिनिटांत मी तोच थवा तीनदा उठताना पाहिला. तिसऱ्या वेळी टाळी वाजवायला हात उठला नाही. त्यांच्या सकाळच्या खाण्याची तीच वेळ असते. उठणं, फिरणं, पुन्हा बसणं, बसल्यावर बराच वेळ मान वर ठेवून उभं राहणं, म्हणजे खाणं बंद आणि कमावलेलं खर्च. त्या दिवशीचे व्हिडिओ मी नंतर काढून टाकले.

रोहितांपासून होडी मागं घेतली आणि एका चिखलाच्या उंचवट्याकडे वळलो. वाटेत बांबू कशाला तरी खणकन लागला. "जुन्या हिरीचा काठ हाय," होडीवाला म्हणाला. "आज्याचं रान हितंच कुटंतरी हाय." बांबू त्यानं बाजूला घेतला आणि पुढं निघाला. उजनीचं धरण 1980 मध्ये पूर्ण झालं आणि भीमाकाठची गावं यशवंतसागराच्या, म्हणजे या जलाशयाच्या, पाण्याखाली गेली. पाणी खूप उतरतं त्या वर्षी पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक ते बघायला जातात. आण्णा वाकून पाण्यात बघत होते. पाणी हिरवंगढूळ, खालचं काही दिसलं नाही.

या पाण्याचं गणित समजून घेतलं तर कधी जायचं ते आपोआप कळतं. धरणात सगळं मिळून सुमारे 117 टी.एम.सी. (म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा. पावसाळ्याच्या शेवटी ते काठोकाठ असतं, तेव्हा पाणी खोल, रोहित उभे कुठं राहणार? मग शेतीला, सोलापूरला पाणी सुटत जातं, कडेचा चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलावर लांब पायांच्या पाखरांची पंगत बसते. म्हणून डिसेंबरात जाऊन "एकही फ्लेमिंगो नव्हता" म्हणून होडीवाल्यावर रागावू नका. धरण उशिरापर्यंत भरलेलं असेल त्या वर्षी रोहितही उशिरा दिसतात. बदकं मात्र नोव्हेंबरपासून असतात: थापट्या, तलवार बदक, चक्रवाक. चक्रवाकाची जोडी आम्हाला अगदी जवळून दिसली, भाजलेल्या विटेच्या रंगाची.

उंचवट्यावर पट्टकादंब होते. साठ-पासष्ट मी मोजले. राखाडी अंग, नारिंगी चोच, आणि पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे आडवे पट्टे. बरेचसे एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपले होते. रात्री शेतांत चरायचं आणि दिवसा पाण्याकाठी आराम करायचा, असा त्यांचा दिनक्रम. हे हंस उन्हाळ्यात तिबेट, मंगोलियाच्या पठारांवर अंडी घालतात आणि जाता-येता हिमालय ओलांडतात. पाठीवर यंत्र लावलेले काही पट्टकादंब 7,000 मीटरच्या वर उडताना नोंदले गेलेत. तिथली हवा इतकी विरळ की माणसाला चार पावलं चालताना धाप लागते. यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिनच प्राणवायूला जास्त घट्ट धरणारं आहे. आण्णांना मी हे सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "परत कधी जातात?"

"मार्चात निघतात."

"मग आता टाकी फुल करायची वेळ त्यांची. इथं त्यांना उठवणं म्हणजे घाटाच्या पायथ्याशी डिझेल सांडणं झालं."

होडीवाल्यानं बांबू चिखलात रोवून होडी त्याला टेकवली आणि आम्ही पाऊण तास नुसते बसून राहिलो. एका हंसानं डोळा उघडून आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटला. मान एकाचीही वर नव्हती. उतरल्यावर आण्णांनी होडीवाल्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "गाडी चालवायला सगळ्यांनाच येते. बंद कुठं करायची ते तुला कळतं." 35 वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

एक गोष्ट डोळ्यांत खुपते ती सांगितलीच पाहिजे. पाण्याला वास येतो. पुण्याची मुळा-मुठा भीमेला मिळते आणि भीमा इथं येते, म्हणजे शहराचं सांडपाणीही इथंच येतं. काठाला जलपर्णीचे पट्टे होते, त्यात थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या. एका तुटक्या जाळ्याच्या तुकड्यात अडकून मेलेला शेकाट्या मी पाहिला, लांब गुलाबी पाय जाळ्यात गुंडाळलेले. होडीवाल्यानं ते जाळं ओढून होडीत घेतलं, तळाशी टाकलं आणि काठावर आल्यावर बाजूला काढून ठेवलं. त्यासाठी त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

जेवणाचं. भिगवणचे मासे नावाजलेले आहेत, आणि मावशींच्या हातचं माशाचं कालवण त्या नावाला जागणारं होतं. तळलेली चिलापी, बाजरीची भाकरी, कांदा. चिलापी मूळची इथली नव्हे, आफ्रिकेतली, पण उजनीत आता जिकडेतिकडे तीच. आण्णांचा शनिवार असतो, त्या दिवशी त्यांना शेंगोळी आणि ताक. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त माझ्या ताटाकडे एकदा बघितलं. रविवारी दुपारी त्यांनी तीन चिलाप्या खाऊन हिशेब पुरा केला.

दुपारी गावाबाहेर ज्वारीच्या रानाकडे चालत गेलो. हुरडा संपून कणसं भरली होती, आणि भोरड्या आल्या होत्या. गुलाबी अंग, काळं डोकं, हजारांनी. ढगासारखा थवा उठतो, वळतो, रंग बदलतो, पुन्हा रानावर पडतो. बांधावर एक आजी डबा वाजवत होत्या. भोरडीबद्दल प्रेमानं बोलावं अशी त्यांची परिस्थिती नव्हती, आणि मी बोललेही नाही.

रविवारी पहाटे कडबनवाडी. इंदापूर तालुक्यातलंच गाव, कुंभारगावाहून तासाभरात पोचलो. वनविभागाची माळरान सफारी आहे, आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि बरोबर गावातला गाईड येतो. आमचा गाईड बावीस-तेवीसचा, मेंढ्या राखणाऱ्या घरातला. भिगवणला येणाऱ्या दहा जणांतले नऊ पाणी बघून परत जातात. माझं स्पष्ट मत आहे की माळ न बघता परत जाऊ नये. पाण्यावरची पाखरं तुम्हाला दिसतात. माळावरची शोधावी लागतात, आणि शोधताना डोळा तयार होतो.

पहिल्या नजरेला काहीच नाही. वाळलेलं पिवळं गवत, कुठं हिवर, कुठं बोर, खडकाळ मुरूम. आण्णा म्हणाले, "हे तर पडीक आहे." गाईड काही बोलला नाही. त्यानं गाडी एका वळणावर थांबवायला लावली, इंजिन बंद करायला सांगितलं. आण्णांनी माझ्याकडे बघितलं.

सूर्य वर येत होता. गाईडनं गवताकडे बोट केलं, "तिथं, तिसऱ्या हिवराच्या डावीकडं, जमिनीवर." मला दगड दिसला. दगडानं मान वळवली. तो भोवत्या होता, ज्याला गाईड हॅरियर म्हणतो. हे शिकारी पक्षी झाडावर नाही, गवतात जमिनीवर रात्र काढतात. दंवानं भिजलेले पंख त्यानं दोनदा झटकले, थोडा वेळ उन्हाकडे पाठ करून बसला आणि उठला. पांढुरका नर. वरून फिकट राखाडी, खालून जवळजवळ पांढरा, पंखांच्या टोकाला फक्त काळी पाचर. गवताच्या शेंड्यांवरून हातभर उंचीनं, पंख किंचित वर धरून, डावीकडे कलत उजवीकडे कलत तो निघाला. कसलाही आवाज नाही. मग आणखी एक उठला, मग तपकिरी मादी, शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग असलेली. एकूण सात. कझाकस्तानच्या गवताळ मैदानांतून ही पाखरं येतात, आणि इथं येऊनही तसंच गवत शोधतात.

ते सगळे लांब गेल्यावर गाईड एकटाच उतरला, जपून दहा पावलं गेला आणि काहीतरी उचलून आणलं. माझ्या तळहातावर ठेवलं. अंगठ्याएवढी, वाळकी, राखाडी गोळी. भोवत्यानं ओकलेली. जे पचत नाही ते सगळं हे पाखरू असं गोळी करून टाकतं. मी काडीनं उकलली. टोळाच्या तंगड्यांचे काटेरी तुकडे निघाले, चिक्कार. एका किड्याच्या पाठीची चमकती ढाल. सरड्याचा असावा असा खवल्यांचा चिमूटभर तुकडा. उंदराचे चार केस. आण्णांनी चष्मा लावून जवळ धरून बघितलं. "एका दिवसात एवढे टोळ? मग हा शेतकऱ्याच्या कामाचाच गडी की."

ती गोळी मी गाईडच्या परवानगीनं आगपेटीत घालून शाळेत आणली आहे. सातवीच्या वर्गानं तंगड्या मोजल्या.

त्यानंतर दोन तासांत धाविक दिसला, विटकरी पोटाचा, डोळ्यावरून पांढरी-काळी रेघ ओढलेला, चार पावलं पळतो आणि थबकतो. पखुर्ड्यांची जोडी उठली. चंडोल तर सतत. चिंकारे तीन, गवतात उभे, शेपूट एकसारखं हलवत. लांडगा दिसला नाही. ओल्या मातीत पावलं दिसली, आणि गाईडनं ती मोडू नयेत म्हणून आम्हाला वळसा घालून नेलं. "लांडगा दाखवतोच" असं तो एकदाही म्हणाला नाही, हे मला फार आवडलं.

पुढं एका ठिकाणी ग्लिरिसिडियाच्या झाडांच्या ओळी होत्या, कुणीतरी लावलेल्या. गाईड तिथं थांबला. "मॅडम, इथं ऐका." काहीच ऐकू येत नव्हतं. मागच्या अर्ध्या किलोमीटरात चंडोलांनी कान भरून टाकले होते, इथं एकही नाही. चंडोल, धाविक, पखुर्डी जमिनीवर अंडी घालतात, त्यांना उघडं गवत लागतं. झाडांची रांग झाली की कावळे-ससाणे वर बसून टेहळणी करतात आणि खालचं गवत सावलीनं मरतं. मी गेल्या जुलैत सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन आमच्या गावाबाहेरच्या माळावर दीडशे रोपं लावली आहेत. फोटोही वर्तमानपत्रात आला होता. मी ते गाईडला सांगितलं. तो म्हणाला, "गावात लावा, शाळंत लावा, ओढ्याकडंला लावा. माळाला माळ राहू द्या." येत्या जुलैत मुलांना काय सांगायचं ते माझं ठरलंय.

परतताना आण्णांना एक जुनी गोष्ट आठवली. 1985-86 च्या सुमारास ते सोलापूर-बार्शी गाडीवर होते. नान्नजजवळ पहाटे रस्त्याच्या कडेला एक मोठं पाखरू उभं होतं, कमरेइतकं उंच, मान ताठ. त्यांनी गाडी थांबवली, हॉर्न दिला नाही. आख्खी गाडी खिडक्यांतून बघत राहिली आणि ते सावकाश चालत गवतात गेलं. कंडक्टर म्हणाला, माळढोक. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं; आज तिथं माळढोक दिसणं म्हणजे दैवाची गोष्ट. "तेव्हा पण मी इंजिन बंद केलं होतं," आण्णा म्हणाले आणि बाहेर बघत बसले.

जाणाऱ्यांसाठी राहिलेलं: पायात बूट आणि जाड मोजे हवेत, माझ्या सलवारीतून कुसळं काढायला रविवारची संध्याकाळ गेली. मातकट, हिरवट कपडे घाला. पहाटे पाण्यावर थंडी बोचते, कानटोपी न्या. मोबाइलवर पाखरांचे आवाज लावून त्यांना बोलावू नका. गुडघे दुखणाऱ्यांना होडीत चढताना आधार लागतो, पण एकदा बसलं की त्रास नाही. माळावर तर गाडीतूनच सगळं दिसतं. शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा, होड्यांची गर्दी होते. आणि बसण्याआधीच होडीवाल्याला सांगा, "आम्हाला उडताना नकोत." मला वाटतं, असं सांगणारी गिऱ्हाइकं वाढली तर इंजिन आपोआप लांब बंद व्हायला लागतील, कारण दोन वर्षांपूर्वी त्या माणसानं आम्हाला विचारूनच होडी घातली होती.

परवा होडीवाल्याचा फोन आला. पाणी आणखी हातभर उतरलंय, रोहित वाढलेत, पट्टकादंब अजून आहेत पण रात्री फार बोलतात, आता निघतील म्हणाला. आण्णांनी पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. या वेळी रविवारी पोचायचं आणि सोमवारी होडी, असं त्यांनीच ठरवलंय. शनिवार मध्ये येत नाही.